हवालदार आकाराम आणि सात-दहाचा नियम

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग ओतणारा एक कारखाना होता. त्याच्या फाटकावर आकाराम खराडे बसायचा. चोवीस वर्षं फौजेत काढून १९७४ साली तो हवालदार म्हणून घरी आला आणि दोन महिन्यांत कंटाळून या नोकरीला लागला. कारखान्यातले लोक त्याला हवालदारच म्हणत. भोंगा वाजला की कामगार आधी त्याच्या मनगटाकडे बघत. भोंगा आणि हवालदार यांच्यात फरक पडला, तर चूक भोंग्याची धरली जाई.

आकारामच्या फौजेतल्या नोकरीत एक गोष्ट मात्र इतर पेन्शनर फौजींपेक्षा वेगळी होती. १९६६ साली पलटणीनं त्याला पुण्याजवळच्या लष्करी शाळेत सहा आठवड्यांच्या शिक्षणाला पाठवलं होतं. अणुबॉम्ब पडला तर जवानांनी काय करायचं, हा विषय. भर मे महिन्यात रबराचे पोशाख घालून पळायचं. संध्याकाळी बूट उलटे केले की घामाची धार लागायची. पेनाएवढी एक नळी खिशाला लावायची, ती अंगावर किती किरणं पडली ते सांगते म्हणे. सहा आठवड्यांत किरणं मोजायचं यंत्र एकदाच वाजलं. शिकवणाऱ्या साहेबानं आपलं अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या काट्यांचं घड्याळ त्याच्याजवळ नेलं, तेव्हा.

तिथून परतल्यावर पुढची आठ वर्षं आकारामनं तोच धडा पलटणीत शिकवला. त्यातला सात-दहाचा नियम त्याच्या खास आवडीचा. बॉम्ब फुटल्यावर एका तासानं खाली पडलेल्या राखेत किरणांचा जेवढा जोर, त्याचा सात तासांनी दहावा भाग उरतो. सातसत्ते एकोणपन्नास तासांनी शंभरावा. त्याच्या सातपट, म्हणजे दोन आठवड्यांनी हजारावा. हे समजवायला तो हजार हरभरे मोजून न्यायचा. शिकवून झालं की जवान हरभरे खाऊन टाकत, पण नियम विसरत नसत.

१९७९ च्या मार्चअखेर पेपरात बातमी आली की अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात, हॅरिसबर्ग शहराजवळ, अणुवीज केंद्रात अपघात झाला आहे. पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी निघून जावं, असं तिथल्या सरकारनं सांगितलं होतं. लाखाहून जास्त माणसं कुणी न सांगताच निघून गेली होती. कुपवाडमध्ये त्या बातमीचं कुणाला काही वाटलं नाही. आकारामनं मात्र ती दोनदा वाचली आणि पेपर घडी करून खिशात ठेवला.

त्याची भाची अनसूया तिथे जायची होती.

अनसूया ही त्याच्या थोरल्या बहिणीची, बनुबाईची मुलगी. वडील लहानपणीच गेलेले. लोणंदपासून चार मैलांवरच्या गावात ती प्राथमिक शाळेत शिकवायची. आदल्या वर्षी तिचं लग्न फलटणच्या मानसिंगशी झालं. मानसिंग सांगलीत इंजिनिअर होऊन अमेरिकेत पूल बांधणाऱ्या कंपनीत लागला होता आणि राहायला होता त्या केंद्रापासून सात मैलांवर. डिसेंबरात त्याचे वडील वारले तेव्हा तो तीन आठवडे येऊन गेला. आता अनसूयेला चौथा महिना संपून पाचवा लागत होता. व्हिसा नुकताच हातात आला होता, तो चार महिन्यांत वापरला नाही तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून. आणि सातव्यानंतर विमानात घेत नाहीत. म्हणजे जायचं तर मे-जूनमध्येच. नाहीतर बाळंतपण इथे, आणि नवरा-बायको-मूल एकत्र कधी येणार ते अमेरिकेच्या कचेरीला ठाऊक.

एप्रिलच्या शेवटी मानसिंगचं पत्र आलं. सगळं ठीक आहे, पेपरवाले उगाच वाढवून लिहितात, ठरल्याप्रमाणे मेमध्ये निघून ये. बनुबाईनं पत्र बाजूला ठेवलं आणि भावाला बोलावणं धाडलं.

आकाराम लोणंदला गेला तेव्हा बनुबाई ओसरीवर कांदे निवडत बसली होती. अनसूयेचा चुलत आजा भाऊसो, पंच्याहत्तरी ओलांडलेला, खांबाला टेकून तंबाखू मळत होता.

"तू ह्येच शिकवत हुतास न्हवं?" बनुबाई म्हणाली. "मग सांग. पोरगी लावून देऊ का नगं?"

"ह्यो काय सांगणार?" भाऊसो म्हणाला. "पुण्यात खिशाला पेन लावून बसला हुता. बॉम्ब काय बघितलाय का ह्यानं?"

"आवं आण्णा, पुण्यातच शिकिवत्यात," आकाराम म्हणाला. "बॉम्ब पडल्यावं शिकवाया कोण ऱ्हाईल?"

भाऊसो हसला आणि तंबाखू तोंडात टाकली.

आकारामनं शंभर कांदे मोजून पाटीत घातले. "ही पाटी म्हंजी पयल्या तासाचा जोर. सात तासांनी एवढा." त्यानं दहा कांदे ठेवले, बाकीचे खाली काढले. "दोन दिसांनी येवढा." एक कांदा उरला. मग त्यानं त्याचंही एक जाड सालपट सोलून पाटीत टाकलं आणि कांदा बाजूला ठेवला. "दोन आठवड्यांनी ह्ये. अपघात आठ्ठावीस मार्चचा. अकरा एप्रिलला तितं एवढंच उरलं. आन आता मे लागतुया."

अनसूया दारात उभी होती. "मामा, सरकारनं गरोदर बायकांना परत या म्हणून सांगितलं ते नऊ एप्रिलला. पेपरात हाय. तुमचं गणित अकराचं."

दोन दिवसांचा फरक. हे आकारामच्या ध्यानात आलं नव्हतं. आता आलं, आणि त्याला मनातून फार बरं वाटलं. पलटणीचा नियम आणि अमेरिकेचं सरकार जवळजवळ एकाच तारखेला येऊन पोचले होते.

"मग पक्कं?" अनसूयेनं विचारलं.

"पक्कं," आकाराम म्हणाला.

सत्तावीस मेचं तिकीट काढलं गेलं. मामानं पास केली, असं बनुबाईनं सगळ्या पाव्हण्यांत सांगितलं. लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, तेव्हा त्याच्या शब्दापुढे कुणाला काही विचारायचं उरलं नाही.

ही गोष्ट कुपवाडमध्येही पोचली. कारखान्याचे मालक सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका वाचनालयाच्या कमिटीवर होते. त्यांनी आकारामचं व्याख्यान ठेवलं. चाळीसेक माणसं आली. आकाराम इस्त्रीचे कपडे घालून गेला आणि पाऊण तास बोलला. रबरी पोशाख, चमकतं घड्याळ, हरभरे, सगळं सांगितलं, आणि शेवटी भाचीचं गणित. टाळ्या पडल्या. लोक चहाकडे वळले तेव्हा मागच्या रांगेतले एक सडपातळ गृहस्थ त्याच्यापाशी आले. गंगाधर मोडक, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे.

"हवालदारसाहेब, छान सांगितलंत. एक गोष्ट बोलू का? रागावू नका."

"बोला की सर."

"तुमचा नियम बॉम्बचा आहे. तिथे बॉम्ब फुटलेला नाही, अणुभट्टी बिघडली आहे." मोडक सरांनी आवाज खाली ठेवला होता. "बॉम्ब म्हणजे चिपाडाचा ढीग. भडकतो आणि विझतो. म्हणून सात तासांत दहावा भाग. भट्टी महिनोन्महिने चाललेली असते. तिच्यातलं चिपाड आधीच जळून गेलेलं असतं, बाभळीचे ओंडके उरतात. त्यांचा निखारा तुमच्या नियमानं विझत नाही."

आकारामनं विचारलं, "म्हंजे पोरीनं जाऊ नये?"

"तसं मी म्हणत नाही. निखारा आहे तो बराचसा भट्टीच्या इमारतीतच राहिला, बाहेर फार थोडं आलं, असं छापून येतंय. ते खरं असेल तर बाहेर धोका नाही. तुमचं उत्तर बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. पण ते या नियमामुळे बरोबर नाही. आणि ती इमारत अजून कुणी उघडून बघितलेली नाही."

"तुमची मुलगी असती तर?"

मोडक सरांनी चष्मा काढून पुसला. "मी सांगलीत बसून सांगू शकलो नसतो. मला ठाऊक नाही म्हणालो असतो. ते ऐकायला कुणाला आवडत नाही."

पुढचे चार दिवस आकाराम फाटकावर नेहमीसारखा बसला. त्याच्याकडे गप्प राहण्याला चांगलं कारण होतं. उत्तर बहुधा बरोबर आहे, हे खुद्द प्रोफेसरच म्हणाले होते. तिकीट काढलेलं, पोरगी खुशीत, बहीण निवांत. गणित कुठल्या पायरीला चुकलं ते लोणंदला जाऊन सांगितल्यानं कुणाचं काय भलं होणार?

पण त्याला पासष्ट सालचा एक पूल आठवत राहिला. नाल्यावर पलटणीनं टाकलेला पूल, आणि किती वजनाची गाडी जाऊ द्यायची त्याची पाटी आकारामनं लिहिलेली. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यानं आकडा चुकीचा लिहिलाय, खऱ्यापेक्षा मोठा. तोवर तेवढ्या वजनाच्या दोन गाड्या जाऊन आल्या होत्या आणि पुलाला काही झालं नव्हतं. आकाराम हे सुभेदाराला सांगायला गेला. गाड्या गेल्या की बिनबोभाट, असंही वर म्हणाला. सुभेदारानं त्याला पाटी खाली काढायला लावली आणि गार वाऱ्यात सबंध पूल पुन्हा मोजायला लावला.

सुट्टीच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं तो लोणंदला गेला. ओसरीवर तीच माणसं होती. त्यानं बसायच्या आधी सांगून टाकलं: "माझं गणित चुकलं. त्यो नेम बॉम्बचा. हितं लागू व्हत न्हाई." आणि मोडक सरांनी सांगितलेलं चिपाड आणि ओंडका, जसंच्या तसं.

बनुबाईचा हात कांद्यावरच थांबला. "आन तिकीट? पाव्हण्यात सांगून झालं त्ये?"

"आक्का, चुकलं त्ये चुकलं."

"परवा पक्कं, आज कच्चं. फौजंत असंच चालतंय व्हय? गोळी मारून झाल्यावं म्हणायचं, चुकून उडाली?"

"जायाचं का न्हाई, त्ये तरी सांग की आता," भाऊसो म्हणाला.

"ठावं न्हाई, आण्णा."

अनसूया आईशेजारी बसली होती. तिनं मामाकडे रागानं बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती जमिनीकडे बघत होती.

थोड्या वेळानं भाऊसोच बोलला. "पलेगात आमी सात म्हैनं माळावर हुतो. खोपटी घालून. मी आट वर्साचा आसंन. गावातल्या घरांची छपरं उघडी टाकल्याली, ऊन पडाय पायजे म्हणून. मग सुगी आली तशी भांडणं लागली. निम्मी म्हणायची चला परत, निम्मी म्हणायची नगं. पंचांनी ठरवलं, जो चला म्हणंल त्यानं बायकापोरं घिऊन आधी पंदरा दीस गावात ऱ्हायाचं. मग बाकीच्यांनी जायाचं."

"मग?" बनुबाईनं विचारलं.

"मग काय. चला म्हणणारी एका दिसात गप झाली." भाऊसो हसला. "पाटलाचा चुलता तेवढा गेला. पंदरा दीस ऱ्हायला. काय झालं न्हाई. आमी समदी आलो." त्यानं तोंडातली तंबाखू अंगणात थुंकली. "बायकापोरं घिऊन, आसं ठरलं हुतं. त्यो एकलाच गेल्याला. बायकापोरं सासुरवाडीला. त्ये कुणी इचारलं न्हाई. पुढल्या म्हैन्यात आमच्या आळीतली तीन पोरं गेली."

बनुबाई पुन्हा कांदे निवडू लागली.

अनसूया उठून आत गेली आणि शाळेची वही घेऊन आली. "मामा, तुमच्या मालकांच्या फोनवरनं अमेरिकेला बोलता येईल?"

"नंबर लावावा लागंल मुंबईतनं. पर येईल."

ती विचारायचे प्रश्न लिहीत बसली. लिहिताना एकदा थांबून तिनं विचारलं, "सरांनी इमारतीचं काय सांगितलं? उघडली न्हाई?"

"न्हाई अजून."

तेही तिनं लिहिलं.

दोन दिवसांनी ती सांगलीला आली. मालकांनी केबिन मोकळी करून दिली. दुपारी तीन मिनिटांसाठी नोंदवलेला फोन संध्याकाळी सहाला लागला, तेव्हा मानसिंगकडे सकाळ होती आणि तो कामावर निघायच्या घाईत होता. आकाराम दाराशी उभा राहिला. त्याला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"मी बोलतीय... न्हाई, सगळी बरी हायत. मी बरी हाय. आवं ऐका, तीनच मिनिटं हायत." तिनं वही उघडली. "अपघात झाला त्या आठवड्यात तुमी कुठं हुता?"

तिनं पलीकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "किती दीस?... मग पत्रात का न्हाई लिहिलं?... आई काळजी करती म्हणून मला बी न्हाई?"

तिनं रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि मामाकडे वळली. "सा दिवस गेले हुते. दोनशे मैलांवर, मैतराकडं." परत फोनवर: "बरं, ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या खालच्या मजल्यावर जुळी पोरं हायत म्हणाला हुता. ती आली परत?... बरं. आणि समोर ती गरोदर बाई? ... न्हाई आली? का?... इचारा की मग... घरात पाणी त्या केंद्राजवळच्या नदीचंच येतं का?"

आकाराम घड्याळाकडे बघत होता. दोन मिनिटं झाली होती.

"हे बघा," अनसूया म्हणाली. तिचा वर्गात बोलायचा आवाज आला होता. "तारीख तीच ठेवा. मी येती. पर त्या घरात न्हाई. लांब खोली बघा, तीस-चाळीस मैलांवर. बाळंतपण होईस्तोवर तिथं ऱ्हायचं. तुमी गाडीनं जा कामाला... हसू द्यात. लोकांना पोर व्हायचं न्हाई, मला हाय... पत्ता तारेनं कळवा. पत्ता आला तरच विमानात बसंन."

तिनं फोन ठेवला. आता ती आपल्याला काहीतरी विचारील, बरं केलं का म्हणून, असं आकारामला वाटलं. तिनं विचारलं नाही. वही पिशवीत घातली आणि लोणंदची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

एकोणीस मेला तार आली. तिच्यात चाळीस मैलांवरच्या एका गावाचा पत्ता होता आणि दुसरं काही नव्हतं. सत्तावीसला आकाराम तिला मुंबईपर्यंत सोडून आला. वाटेत दोघं बरंच बोलली, शाळेबद्दल, बनुबाईच्या गुडघ्याबद्दल, फलटणच्या पाव्हण्यांबद्दल. त्या विषयावर नाही.

परतल्यावर तो विश्रामबागेतल्या वाचनालयात गेला. चुकीचं सांगितलं होतं, दुरुस्त करायला दहा मिनिटं द्या, म्हणाला. चिटणीस म्हणाले, अहो हवालदार, कुणाच्या लक्षात आहे? आकारामनं ऐकलं नाही. शेवटी चिटणिसांनी फळ्यावर जागा दिली. त्यानं कागदावर चार ओळी लिहून डकवल्या: मागील व्याख्यानात सांगितलेला नियम अणुबॉम्बसाठी आहे, वीज केंद्राच्या अपघाताला लागू नाही, ही चूक माझी, आ. खराडे. कागद महिनाभर राहिला. एका कामगारानं तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर म्हणाला, "हवालदार, तुमचं घड्याळ तरी बरोबर हाय न्हवं?" आकारामनं त्याची हजेरी लिहिली आणि आत सोडला.

सप्टेंबरात मुलगी झाल्याची तार आली. वजन सव्वासहा पौंड, दोघी सुखरूप. बनुबाईनं लोणंदहून भावाला पेढे पाठवले, मे महिन्यापासून तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं ते तेव्हा. अनसूया सात मैलांवरच राहिली असती तर काय वेगळं झालं असतं? बहुधा काहीच नाही, असं आकारामला वाटे. पण बहुधा हा शब्द तो आता मोठ्यानं उच्चारायचा.

डिसेंबरात तिचं पत्र आलं, बनुबाईला नाही, थेट कुपवाडच्या पत्त्यावर मामाला. मुलगी तीन महिन्यांची झाली होती. मानसिंगला रोजचा प्रवास सोसत नव्हता, थंडीत रस्त्यावर बर्फ असतं, जुन्या घराजवळ परत जाऊ म्हणत होता. पण त्या इमारतीत कोंडलेला वायू हळूहळू बाहेर सोडायचा विचार चालला आहे, असं तिकडच्या पेपरात आलं होतं. तिनं बातमी कापून पाठवली होती. खाली लिहिलं होतं: मामा, हे मोडक सरांना दाखवा आणि काय म्हणतात ते कळवा. त्यांना माहीत नसलं तर तसंच लिहा. तुम्हाला काय वाटतं तेही लिहा, पण वेगळ्या ओळीत.

आकाराम त्या संध्याकाळी सायकल काढून मोडक सरांच्या घरी गेला. दोघांनी कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली बातमी दोनदा वाचली. सरांनी एका वायूचं नाव सांगितलं, तो अंगात मुरत नाही, वाऱ्यानं पांगतो, असं सांगितलं. किती आहे आणि किती दिवसांत सोडणार ते बातमीत नाही, म्हणून पुढचं सांगता येत नाही, म्हणाले. आकारामनं सगळं लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

घरी आल्यावर त्यानं पत्र लिहिलं. वायूचं नाव आणि सर जे म्हणाले ते आधी. मग एक ओळ, कळत नाही ते. मग जागा सोडून त्यानं खाली आपलं लिहिलं: वायू सोडून होईपर्यंत आहेस तिथेच राहा, असं मला वाटतं. ह्याला नियम नाही. मानसिंगरावांना म्हणावं, बर्फात गाडीच्या चाकांना साखळ्या लावा.